आपेगावकर

आपेगावकर : ग्रामनामावरून आलेले मराठी आडनाव. ‘आपेगाव’ या नावाला रहिवासदर्शक ‘कर’ प्रत्यय लागून ते बनले. हे आडनाव फारसे आढळत नाही. संगीतक्षेत्रात मात्र बीड जिल्ह्यातील पखवाजवादक घराण्यामुळे ते सर्वपरिचित आहे.

मूळ गाव : मराठवाड्यात आपेगाव नावाची दोन प्रसिद्ध गावे आहेत. एक पैठण तालुक्यात गोदावरीकाठी असून ते संत ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांचे, कुलकर्णी घराण्याचे गाव होय. दुसरे बीड जिल्ह्याच्या अंबाजोगाई तालुक्यात आहे. निजामी राजवटीत अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत. पखवाजवादकांचे घराणे या दुसऱ्या आपेगावचे; नामसाम्यामुळे त्याचा संबंध अनेकदा पैठणकडच्या आपेगावशी जोडला जातो.

घडण : बीड जिल्ह्यात धारूर–धारूरकर, माजलगाव–माजलगावकर, चौसाळा–चौसाळकर अशी आडनावे याच रीतीने होतात. गावात सगळेच त्या गावचे असल्याने तेथे अशा नावाने कोणाची वेगळी ओळख पटत नाही. माणूस शिक्षण, नोकरी, व्यापार किंवा कलेसाठी बाहेर पडला की परगावचे लोक त्याला गावाच्या नावाने ओळखू लागतात. पुढे शाळेच्या दाखल्यावर किंवा सरकारी कागदावर तेच लागले, तर पुढच्या पिढ्यांचे ते आडनाव होते. नाहीतर मूळ आडनावाला जोडून चालते.

प्रसार : आपेगावकर हे दुसऱ्या प्रकारचे उदाहरण आहे. या घराण्याचे मूळ आडनाव शिंदे. पखवाज हे वारकरी भजन-कीर्तनाचे आणि धृपद गायनाचेही साथवाद्य असल्याने वादकाचे नाव फडांतून आणि मैफलींतून दूरवर पोहोचते. शंकरबापू आपेगावकर यांना 1986 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचे पुत्र उद्धवबापू यांचे नाव ‘शिंदे आपेगावकर’ असेही लिहिले जाते. म्हणजे या नावाचा प्रसार स्थलांतराइतकाच कलेच्या लौकिकाने झाला आहे.

तुलना : संगीतात ही रीत जुनी आहे. पलूसच्या विष्णू दिगंबरांचे घराणे मूळचे गाडगीळ, पण ते पलुसकर म्हणून ख्यात झाले. गोव्यातील मंगेशीवरून दीनानाथ मंगेशकर झाले. इटलीत सोळाव्या शतकातील संगीतकार जोव्हान्नी पिएरलुइजी हे रोमजवळच्या आपल्या गावावरून ‘पालेस्त्रीना’ या नावानेच ओळखले जातात.

‘कर’प्रत्ययी आडनाव एकाच गावातील वेगवेगळ्या जातींची, परस्परांशी नाते नसलेली कुटुंबे घेऊ शकतात. त्यामुळे केवळ आपेगावकर या नावावरून कुळ किंवा जात ठरवता येत नाही. वंशावळ शोधताना मूळ आडनाव आणि गावाचा तालुका या दोन्ही गोष्टी तपासाव्या लागतात.