घरखर्चात बचत: हक्काचं मोफत कोणतं, खरंच स्वस्त काय आणि आमिष कुठलं?

दुधाचं दहा दिवसांचं बिल हातात येतं आणि किराणा, रिचार्ज, गॅस, दवाखाना यांत कधी विरून जातं ते कळतही नाही. आठवडी बाजारात पाचशेची नोट मोडली की पिशवी अर्धीच भरते, ही तक्रार तर घरोघरी आहे. त्यातच दुकानाच्या दारावर ‘एकावर एक फ्री’, मोबाइलवर ‘तुम्हाला बक्षीस लागलं’ आणि शोरूममध्ये ‘शून्य टक्के व्याज’ असे फलक व मेसेज रोज दिसतात. यातलं सगळंच खोटं नसतं आणि सगळंच फायद्याचंही नसतं. बचत करायची तर आधी तीन गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात: हक्कानं मोफत मिळणारं, हिशेब केल्यावर खरंच स्वस्त पडणारं आणि नुसतं आमिष.

हक्काचं मोफत: आधी हे पूर्ण घ्या

रेशन. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला महिन्याला ५ किलो, तर अंत्योदय कार्डधारक कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळतं. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. म्हणजे प्राधान्य यादीतल्या पाच माणसांच्या घराला २५ किलो. दुकानात अंगठा दिल्यावर मशीनमधून निघणारी पावती मागून घ्यावी आणि तिच्यावरचा आकडा व पिशवीतलं वजन जुळतं का ते पाहावं. घरातल्या कुणाची ई-केवायसी राहिली असेल तर लगेच करून घ्यावी, नाहीतर त्या माणसाचं धान्य अडतं. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबांना कामाच्या गावीही त्याच कार्डावर धान्य उचलता येतं. त्यासाठी गावाकडे यायची गरज नाही.

एसटी. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २६ ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, तर ६५ ते ७५ वयोगटाला अर्धं तिकीट. महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्म्या भाड्यात प्रवास करता येतो. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते. ज्येष्ठांनी वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड जवळ ठेवावं. तालुक्याला जाताना वडाप पकडायची की एसटीची वाट पाहायची, याचा हिशेब आता घरातल्या प्रत्येकाचा वेगळा होतो.

दवाखाना. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयापर्यंत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे, त्याचेही पैसे नाहीत. बीपी, शुगरच्या गोळ्या कायमच्या लागत असतील तर डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून देण्याची विनंती करावी आणि जनऔषधी केंद्रात विचारावं. बऱ्याच गोळ्या तिथे नामांकित कंपनीच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात.

शाळा आणि टीव्ही. सरकारी व अनुदानित शाळांत पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तकं मोफत आहेत. पुस्तक हरवलं तर बालभारतीच्या संकेतस्थळावर त्याची पीडीएफ फुकट उतरवता येते. घरात बातम्या, मालिका, जुने सिनेमे एवढंच बघितलं जात असेल तर दूरदर्शनच्या ‘डीडी फ्री डिश’ला महिन्याचा रिचार्ज लागत नाही. छत्री आणि सेट टॉप बॉक्स यांचा एकदाच खर्च येतो.

पासबुकातली वीस रुपयांची नोंद. पासबुकात वर्षातून एकदा २० किंवा ४३६ रुपये कापलेले दिसतात. पहिला प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचा हप्ता, दुसरा जीवन ज्योती विम्याचा. पहिल्यात अपघाती मृत्यू झाल्यास, दुसऱ्यात कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास वारसाला २ लाख रुपये मिळतात. मात्र हप्ता कापला जातो हे घरच्यांना ठाऊक नसेल तर दावाच केला जात नाही. म्हणून घरातल्या प्रत्येकाचं पासबुक भरून घ्यावं, ही नोंद शोधावी आणि वारसाचं नाव तपासावं. दोन रुपयांच्या साबणाची घासाघीस करताना दोन लाखांचा कागद ट्रंकेत पडून राहू नये.

हिशेबानं स्वस्त: पाटीवर नको, वजनावर बघा

पाकिटावर छापलेली एमआरपी ही जास्तीत जास्त किंमत असते आणि तिच्यात सगळे कर आलेले असतात. त्याहून एक रुपयाही जास्त घेता येत नाही. पाण्याच्या बाटलीवर ‘थंड केल्याचे’ म्हणून वरचे पैसे मागणंही बेकायदा आहे. कमी मात्र घेता येतात, त्यामुळे एमआरपीच्या खाली भाव विचारायला लाजू नये.

मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतं, हा समज तपासून घ्यावा. समजा, २०० ग्रॅमची पावडर ३८ रुपयांना आणि ५०० ग्रॅमची १०० रुपयांना आहे. लहान पाकीट १०० ग्रॅमला १९ रुपये पडतं, मोठं २० रुपये. शाम्पूच्या पुडीचंही कधी कधी असंच असतं, बाटलीपेक्षा पुड्याच परवडतात. आता बऱ्याच पाकिटांवर एमआरपीशेजारी प्रति ग्रॅम किंवा प्रति मिली दर बारीक अक्षरात छापलेला असतो, तो वाचायची सवय लावावी. ‘एकावर एक फ्री’ घेताना दुसरं पाकीट मुदतीच्या आत संपणार का, हाही प्रश्न आहे. बिस्किटं मऊ पडून गुरांपुढे गेली तर फ्री कसलं?

मोबाइल. २८ दिवसांचा पॅक म्हणजे महिन्याचा पॅक नव्हे. वर्षात त्याचे १३ रिचार्ज होतात, बाराऐवजी. म्हणून ८४ दिवसांच्या किंवा वर्षाच्या पॅकचा दर दिवसावर भागून बघावा. आजी-आजोबांकडे साधा फोन असेल तर त्यांना डेटाचा पॅक मारायची गरज नाही. ट्रायच्या नियमानुसार कंपन्यांना फक्त कॉल व एसएमएसचे वेगळे पॅक ठेवावे लागतात. दुकानदार ते आपणहून सांगेलच असं नाही, विचारावं लागतं.

वीज. जुना ७५ वॅटचा पंखा रोज १२ तास चालला तर महिन्याला २७ युनिट जातात, २८ वॅटच्या बीएलडीसी पंख्याला जेमतेम १०. साठचा पिवळा बल्ब रोज पाच तास लागला तर ९ युनिट, तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी दीड युनिटाच्या आत. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटचा दर कमी असतो, त्यापुढच्या युनिटचा बराच जास्त. त्यामुळे ज्यांचं बिल ११०-१२० युनिटचं येतं, त्यांनी वीस युनिट वाचवले की सगळ्यात महाग युनिट वाचतात. बिल लवकर भरल्यास किती सूट आहे, ते बिलावरच तारखेसह छापलेलं असतं.

गॅस. घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच लिहिलेलं असतं. दोन्हींची बेरीज आणि काट्यावरचं वजन जुळलं पाहिजे. टाकी घेताना वजन करून मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. डाळ, हरभरा, मटकी आधी भिजवून कुकरला लावली, कुकर उकळी आल्यावर मंद आचेवर ठेवला आणि अंघोळीचं पाणी चुलीवर किंवा बंबात तापवलं, तर टाकी चार-आठ दिवस जास्त पुरते.

वर्षाचं धान्य. जुन्या बायका उन्हाळ्यात वर्षाचं भरून ठेवत, त्यामागे हिशेबच होता. काढणी झाल्या झाल्या माल बाजारात येतो तेव्हा भाव सहसा उतरलेले असतात: तूर जानेवारी-फेब्रुवारीत, गहू-हरभरा मार्च-एप्रिलमध्ये, साठवणुकीचा उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये. धान्याला कडक ऊन द्यावं, डाळीला एरंडेल चोळावं, कोठीत कडुलिंबाचा वाळलेला पाला घालावा. मात्र यासाठी उसनवारी करू नये, व्याजात सगळा फायदा जातो. आठवडी बाजारात पालेभाजी बाजार उठताना घ्यावी. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी संपेल एवढीच.

आमिष: फुकटाची खरी किंमत

शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं आहे. हप्त्यावर घेतलेल्या वस्तूत व्याज एकतर प्रोसेसिंग फीमध्ये लपलेलं असतं, नाहीतर रोखीची सूट सोडून दिल्यामुळे भरलं जातं. दुकानात एकच प्रश्न विचारावा: ‘रोख दिले तर कितीला देता?’ हप्त्यांची बेरीज, अधिक फी, वजा रोखीचा भाव. जो फरक येईल ते व्याज.

खासगीत ‘शेकडा दोन’नं पैसे घेतले जातात तेव्हा आकडा लहान वाटतो. पण तो महिन्याचा असतो. दहा हजारांवर महिन्याला २०० आणि वर्षाला २,४०० रुपये, म्हणजे २४ टक्के. बचत गटाचं किंवा बँकेचं सोनेतारण कर्ज मिळत असेल तर दोन्हींचे दर वर्षाच्या हिशेबात मांडूनच ठरवावं.

लकी ड्रॉचं कुपन लागलं, गाडी लागली, फक्त जीएसटी किंवा फाइल चार्ज आधी भरा, असा फोन किंवा पत्र आलं तर ती फसवणूकच समजावी. बक्षीस घेण्यासाठी आधी पैसे भरायला सांगितले की तिथेच थांबावं. यूपीआयवर पैसे यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.

वाचलेले पैसे कुठे ठेवायचे?

वाचलेले पैसे बाजूला काढले नाहीत तर पुढच्या बाजारात तेही जातात. महिनाभर साध्या वहीत रोजचा खर्च लिहावा, चहा-पुडीसकट. महिन्याच्या शेवटी जेवढे उरतील ते त्याच दिवशी खात्यात टाकावेत. टपाल कार्यालयात आवर्ती ठेव महिन्याला १०० रुपयांपासून सुरू करता येते आणि ती पाच वर्षांची असते. महिन्याला ५०० रुपये टाकले तर मुद्दलच ३० हजार होते, व्याज वेगळं. पोरीच्या कॉलेजची फी भरायला तेवढा आधार पुरतो, शेकडा दोनच्या दारात जावं लागत नाही.

लक्षात ठेवायचे क्रमांक
- ग्राहक तक्रार (एमआरपी, वजन, बिल): १९१५
- रेशनची तक्रार: १९६७
- ऑनलाइन फसवणूक (पैसे गेल्यावर लगेच): १९३०
- रुग्णवाहिका: १०८
- वीज तक्रार: १९१२