शब्दवेध : शिष्य

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशू अनुयायांना निरोप देतो, तेव्हा ‘जा’ यापेक्षा ‘शिष्य करा’ यावर भर आहे. मूळ ग्रीक वाक्यात खरे आज्ञार्थी क्रियापद तेच. ‘शिष्य’साठी ग्रीक शब्द ‘मॅथेटेस’, म्हणजे शिकणारा; ‘मॅथेमॅटिक्स’ही त्याच कुळातले. आपला ‘शिष्य’ ‘शास्’ धातूपासून आला: ज्याला शिकवायचे, वळण लावायचे तो. शासन, शास्त्र, अनुशासन ही त्याची भावंडे. एका शब्दात शिकणाऱ्याची धडपड आहे, दुसऱ्यात गुरूचा अधिकार.

स्कॉटलंडहून स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले ते शिष्य करायलाच. त्यांनी शाळा काढली, धर्मोपदेश केला. पण मला त्यांचे मोठेपण दिसते ते वेगळ्याच ठिकाणी. हा पाद्री गोंडांपुढे स्वतः शिकायला बसला. गोंडी शब्द टिपले, आणि एका परधानाच्या, म्हणजे गोंडांच्या कथा गाणाऱ्या भाटाच्या, तोंडून गोंडांचा धर्मगुरू लिंगो याची दीर्घ कथा गोंडीत उतरवून घेतली. गुरू परधान, शिष्य हिस्लॉप!

१८६३ साली टाकळघाटजवळ पुराच्या पाण्यात त्यांचा मृत्यू झाला. रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये त्यांची ही टिपणे, लिंगोच्या कथेसह, ग्रंथरूपात छापली.

गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात कचारगडला माघ पौर्णिमेच्या सुमारास आजही हजारो गोंड बांधव याच लिंगोच्या, पारी कुपार लिंगोच्या, स्मरणासाठी जमतात. तिथे जाणाऱ्या प्रत्येकाने लिंगोची ती छापील कथा एकदा तरी वाचावी.