खाडीत गरवायला जाताय? होडीवरची बॅटरी, फिश फाइंडर, जीपीएस कसं बसवायचं, सविस्तर माहिती

नारळी पौर्णिमा झाली, पावसाचा जोर ओसरला की कर्ली, कालावल, आचरा, वाघोटन, तेरेखोल या खाड्यांत गरी घेऊन जाणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. जिताडा, तांबोशी, गोबरा, पालू यांच्या मागे रात्र काढणारे आपल्याकडे कमी नाहीत. आता तर मुंबई-पुण्याची हौशी मंडळीही खास गरवायला येतात आणि गावातल्या होडीवाल्याला त्यातून चार पैसे मिळतात. त्यामुळे लहान फायबर होड्यांवरही फिश फाइंडर, जीपीएस, एलईडी दिवे, मोबाईल चार्जर दिसू लागलेत.

पण सामान महागाचं आणि फिटिंग कामचलाऊ, असं बऱ्याच ठिकाणी दिसतं. घरच्या वायरचे तुकडे, टेप गुंडाळलेले जोड, ट्रॅक्टरची जुनी बॅटरी. जमिनीवर असं चालून जातं. खाडीच्या तोंडाशी रात्री ओहोटीच्या ओढीत बॅटरी बसली तर दिवा नाही, फोन नाही, दिशा नाही. म्हणून १५ ते २० फुटी होडीवर ही फिटिंग कशी करायची, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

आधी हिशोब, मग खरेदी

दुकानात जाऊन "एक चांगली बॅटरी द्या" म्हणू नका. आधी कागद घ्या. कोणती वस्तू किती अँपिअर खाते आणि किती तास चालणार, याचा गुणाकार करा. साधारण अंदाज असा (१२ व्होल्टवर):

- ५ इंची फिश फाइंडर: पाऊण ते १ अँपिअर
- मोबाईल चार्जिंग: १ अँपिअर
- एलईडीचा पांढरा दिवा: पाव ते अर्धा अँपिअर
- पाणी उपसायचा छोटा पंप: ३ ते ४ अँपिअर
- पुढे लावायची छोटी इलेक्ट्रिक मोटर: पूर्ण वेगात ३० ते ५० अँपिअर

एक संध्याकाळ धरा. फिश फाइंडर ६ तास म्हणजे ६, मोबाईल ३ तास म्हणजे ३, दिवा ३ तास म्हणजे १, पंप मिळून अर्धा तास म्हणजे दीड. बेरीज झाली साडेअकरा, म्हणजे १२ अँपिअर-अवर धरू.

ऍसिडची बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते. वारंवार पूर्ण उतरवली की ती लवकर मरते. म्हणून १२ च्या दुप्पट, २४. बाजारात २६ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी मिळते, ती पुरते. लिथियम घेतली तर ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते, म्हणजे १८ ते २० अँपिअर-अवरवर काम भागतं.

इलेक्ट्रिक मोटर लावणार असाल तर तिला वेगळी बॅटरी द्या. अर्ध्या वेगात १५ अँपिअर धरले तरी ४ तासांत ६० अँपिअर-अवर जातात. तिथे १०० ते १२० ची बॅटरी लागते. ती फिश फाइंडरला जोडू नका. मोटर फिरली की स्क्रीनवर रेघोट्या येतात आणि व्होल्टेज पडलं की मशीन बंद पडून पुन्हा सुरू होत राहतं.

कोणती बॅटरी?

ट्रॅक्टरची किंवा गाडीची बॅटरी स्टार्टर फिरवण्यासाठी असते. क्षणभर मोठा करंट द्यायचा आणि लगेच चार्ज व्हायचं, हे तिचं काम. तासन् तास थोडा थोडा करंट काढला की दोन-चार महिन्यांत तिची ताकद जाते.

इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी हळूहळू उतरायला चांगली. पण ती उंच आणि पन्नास किलोच्या वर जड. लाटेत होडी कलली की ऍसिड सांडतं. शिवाय खारं पाणी ऍसिडमध्ये गेलं तर क्लोरीनचा विषारी वायू तयार होतो. लहान होडीत ती नेऊच नका.

सीलबंद ऍसिड बॅटरी (एजीएम किंवा जेल) सांडत नाही, किंमत आवाक्यात. वजन मात्र असतं. १०० अँपिअर-अवरची बॅटरी २५ ते ३० किलो भरते.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी त्याच ताकदीला ११ ते १३ किलो भरते आणि कित्येक पट जास्त वेळा चार्ज होते. पैसे सुरुवातीला जास्त जातात. घेताना आत बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट आहे ना, हे विचारा आणि चार्जर लिथियमचाच घ्या. सुटे सेल जोडून कुणी स्वस्तात बांधून देत असेल, तर पाण्यावर नेण्यासाठी ती घेऊ नका.

बॅटरीत किती उरलंय, हे कसं कळणार?

साधा मल्टिमीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. बॅटरीला काही तास विश्रांती देऊन मोजा. ऍसिड बॅटरीसाठी:

- १२.६ ते १२.७ व्होल्ट: पूर्ण भरलेली
- १२.२ च्या आसपास: निम्मी
- १२ च्या खाली: घरी परत, चार्जिंगला

लिथियमचं व्होल्टेज जवळपास शेवटपर्यंत १३ च्या आसपास राहतं आणि मग एकदम कोसळतं. त्यामुळे तिला व्होल्टवर जोखू नका. किती अँपिअर-अवर वापरले हे मोजणारा मीटर लावा, किंवा बॅटरीचं मोबाईल ॲप असेल तर ते पाहा.

वायरिंग: ट्रॅक्टरची सवय विसरा

ट्रॅक्टरवर एक वायर जाते आणि उलटा करंट बॉडीतून येतो. होडीवर तसं चालत नाही. प्रत्येक वस्तूला प्लस आणि मायनस अशा दोन्ही वायरी थेट बॅटरीपर्यंत, किंवा बॅटरीजवळच्या पट्टीपर्यंत आणायच्या.

फ्यूज. बॅटरीच्या प्लसपासून वीतभराच्या आत मुख्य फ्यूज हवाच. बॅटरी लहान असली तरी शॉर्ट झाल्यावर वायर लालबुंद करण्याइतका करंट देते आणि शेजारी पेट्रोलची टाकी असते. २.५ चौ.मिमी वायरला १५ अँपिअरचा मुख्य फ्यूज ठीक. पुढे प्रत्येक वस्तूला तिच्या पुस्तिकेत लिहिलेला छोटा फ्यूज. फ्यूज उडाला म्हणून तिथे तार गुंडाळू नका.

वायरची जाडी. बॅटरी मागे आणि दिवा-पंप पुढे ५ मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन १० मीटर वायर होते. १ चौ.मिमी वायरमधून ५ अँपिअर गेले तर जवळपास ०.९ व्होल्ट वाटेतच जातो. २.५ चौ.मिमी घेतली तर ०.४ च्या आत राहतो. बॅटरी चांगली असून मशीन बंद पडतं, त्याचं कारण बहुतेक वेळा ही बारीक वायर किंवा गंजलेला जोड असतो.

जोड. वायर पिळून टेप लावलेला जोड खाऱ्या हवेत एका मोसमात हिरवा पडतो. कल्हई केलेली तांब्याची वायर मिळाली तर तीच घ्या. टोकाला थिंबल दाबून बसवा, वर गोंद असलेली उष्णतेने आवळणारी नळी चढवा. बॅटरीच्या टर्मिनलला व्हॅसलीन किंवा ग्रीस लावा.

मेन स्विच. किनाऱ्यावर आल्यावर सगळं एकदम बंद करायला एक मेन स्विच ठेवा. फक्त पाणी उपसायचा आपोआप चालणारा पंप असेल तर त्याची लाईन वेगळ्या फ्यूजमधून थेट बॅटरीवर घ्या. रात्री पाऊस पडला तर होडी बुडायला नको.

बॅटरीची जागा. झाकणाच्या प्लास्टिक पेटीत, पट्ट्याने घट्ट बांधून, तळापासून थोडी उंच. पेट्रोलच्या टाकीशेजारी अजिबात नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या तळाशी साचून राहते आणि स्विचची एक ठिणगी पुरते.

फिश फाइंडर कुठे बसवायचा?

याचं डोकं म्हणजे तळाचा सेन्सर, ज्याला ट्रान्सड्यूसर म्हणतात. तो पाण्यात आवाज सोडतो आणि परत आलेला प्रतिध्वनी मोजतो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. सेन्सरखाली हवेचे बुडबुडे आले की सगळं चित्र बिघडतं. म्हणून:

- होडीच्या मागच्या फळीवर, पंख्यापासून सव्वा ते दीड फूट बाजूला बसवा.
- सेन्सरचा तळ होडीच्या तळापेक्षा किंचित खाली आणि पाण्याला समांतर ठेवा.
- त्याच्या पुढे तळाला पट्टी, स्क्रू किंवा खाच नको. तिथून बुडबुडे सुटतात.
- भोक पाडल्यावर सागरी सिलिकॉन भरा, नाहीतर फायबरच्या आत पाणी शिरतं.
- सेन्सरची केबल कापून जोडू नका. जास्त असेल तर वेटोळं करा. ती इंजिनच्या आणि मोटरच्या वायरपासून लांब न्या.

होडी बऱ्याचदा वाळूवर ओढावी लागते. तेव्हा सेन्सर वर उचलता येईल अशी पट्टी करून घ्या.

खाडीत पाणी उथळ, म्हणून २०० किलोहर्ट्झ ठेवा. बारीक तपशील दिसतो. कमी किलोहर्ट्झ खोल समुद्रासाठी. २० अंशांच्या सेन्सरखाली जेवढी खोली, तिच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढाच घेर दिसतो. म्हणजे ३ मीटर पाण्यात जेमतेम १ मीटरचा तुकडा. स्क्रीनवर मासा नाही म्हणजे खाडीत मासा नाही, असं नसतं.

आणखी एक. स्क्रीनवर उजव्या कडेला जे येतं ते आत्ताचं, डावीकडचं सगळं मागे गेलेलं. जाड, ठळक तळ दिसला तर खडक किंवा कठीण वाळू. बारीक, फिकट तळ म्हणजे चिखल. गोबरा, तांबोशी खडकाच्या कडेला, त्यामुळे माशाच्या चित्रापेक्षा तळ वाचायला शिका.

जीपीएस आणि परतीची वाट

खाडीच्या तोंडावरची वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते, हे जुन्या माणसांना सांगायला नको. म्हणून नकाशावर भिस्त ठेवू नका. दिवसा, भरतीला, जाणत्या माणसाबरोबर एकदा जा आणि तो मार्ग जीपीएसमध्ये साठवा. रात्री त्याच रेघेवरून परत या. पाणी कमी होत असेल तर खोलीचा अलार्म १ मीटरवर लावून ठेवा.

मोबाईलचं जीपीएस रेंज नसतानाही चालतं, फक्त नकाशा आधी डाउनलोड केलेला हवा. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवा.

दिवे आणि कायदा

७ मीटरपेक्षा लहान आणि ७ नॉटपेक्षा जास्त वेग नसलेल्या होडीला चहूबाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा चालतो. त्यापेक्षा वेगवान होडीला डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा दिवाही हवा. काठावर बांधलेला टॉर्च म्हणजे दिवा नव्हे.

मात्र मासे गोळा करण्यासाठी जनरेटर लावून पाण्यावर एलईडीचा झोत टाकणं वेगळं. एलईडीच्या उजेडातल्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली आहे. तसंच इन्व्हर्टर लावून पाण्यात करंट सोडणं जिवावरचं आहे. त्यात पिल्लांसकट सगळं मरतं आणि सोडणाराही जाऊ शकतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हा बंदीचा काळ, तोही लक्षात ठेवा.

व्हीएचएफ रेडिओला परवाना लागतो. धोक्याचा संदेश चॅनल १६ वर द्यायचा. परदेशातून कुणी सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं यंत्र आणून दिलं, तर परवानगीशिवाय वापरू नका. त्यावर पोलीस कारवाई होते. पर्यटकांना होडीतून नेणार असाल तर आधी मेरीटाइम बोर्डाच्या बंदर कार्यालयात परवान्याची चौकशी करा.

चार्जिंग आणि निगा

दोरीने सुरू होणाऱ्या बऱ्याच लहान इंजिनांना चार्जिंगची सोय नसते, म्हणून घरी चार्ज करणं आलंच. ऍसिड बॅटरीला तिच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याएवढा करंट, म्हणजे २६ च्या बॅटरीला अडीच अँपिअर पुरे. खोली मोकळी हवी. चार्ज होताना हायड्रोजन सुटू शकतो, तिथे विडी-काडी नको. ५० वॉटचं सोलर पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला १२ ते १५ अँपिअर-अवर देतं, पण मध्ये कंट्रोलर लावा.

परत आल्यावर सगळं गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा. स्क्रीन काढून घरी न्या. पावसाळ्यात ऍसिड बॅटरी पूर्ण भरून ठेवा आणि महिन्याला एकदा चार्ज करा. लिथियम निम्मी भरून सावलीत ठेवा.

निघण्यापूर्वी दोन मिनिटं

१. बॅटरी मोजली, पट्टा आवळला.
२. दिवे आणि पंप चालू करून पाहिले.
३. जादा फ्यूज, टॉर्च, भरलेली पॉवर बँक घेतली.
४. भरती-ओहोटीची वेळ पाहिली.
५. प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट.
६. कुठे जातोय, कधी येणार, हे घरी सांगितलं.
७. वल्ही होडीत आहेत.

शेवटची गोष्ट विसरू नका. सगळं बंद पडलं तर होडी किनाऱ्याला आणणारी वल्हीच असतात.

मदतीसाठी: तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३, आपत्कालीन ११२. हे नंबर फोनमध्ये आत्ताच सेव्ह करा आणि होडीच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा.