विषाणुमुक्त स्ट्रॉबेरी : तंत्र आणि संज्ञा

बागेतील स्ट्रॉबेरी ही उत्तर अमेरिकेतील एक व चिलीतील एक अशा दोन जातींच्या संकरातून अठराव्या शतकात युरोपात उत्पन्न झाली. हे संकरमूल आंत्वान निकोला द्युशेन याने 1766 मध्ये ओळखले. बियांपासून वाढलेले रोप मातृवनस्पतीचे गुण जसेच्या तसे राखीत नाही. म्हणून तिची लागवड धावत्या खोडांवर फुटणाऱ्या रोपांपासून करतात. या रीतीने वाण टिकतो खरा, पण मातृवनस्पतीच्या अंगातील विषाणूही रोपांत उतरतात आणि मावा ही कीड त्यांचा आणखी फैलाव करते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘रॉयल सॉव्हरिन’सारखे नामांकित इंग्लिश वाण खालावले, तेव्हा यासच ‘वाणाचा ऱ्हास’ म्हणत. या नावाने परिणाम सांगितला, कारण मात्र झाकले गेले.

कारण सापडणे सोपे नव्हते. कित्येक विषाणू लागवडीच्या वाणांत बाह्य लक्षणे दाखवीत नाहीत. त्यांचा छडा लावण्यासाठी संशयित रोपाचे रानटी स्ट्रॉबेरीवर कलम करण्याची रीत रूढ झाली. कारण ही रानटी जात रोगाची लक्षणे चटकन दाखविते. पुढे 1953 मध्ये पॉस्नेट याने स्ट्रॉबेरीतील विषाणू उष्णतेने निष्प्रभ करता येतात, असे दाखविले. परंतु सर्वच विषाणू उष्णतेस वश होत नाहीत.

दुसरा मार्ग ऊतक-संवर्धनाचा होता. मुळांच्या अगदी टोकाशी विषाणू विरळ असतात, हे फिलिप व्हाइट यास 1934 मध्ये टोमॅटोत आढळले. 1952 मध्ये मोरेल व मार्तँ यांनी रोगट डेलियाच्या शेंड्यातील विभज्या, म्हणजे अखंड विभाजन पावणारा सूक्ष्म भाग, काचपात्रात वाढवून निरोगी रोपे मिळविली. या भागात वाहिन्या अद्याप घडलेल्या नसतात. शिवाय तेथील आरएनएवर आधारलेली संरक्षक यंत्रणाही विषाणूस अटकाव करते, असे नंतरच्या संशोधनाने दाखविले. बेल्केनग्रेन व मिलर यांनी 1962 मध्ये हेच तंत्र रानटी स्ट्रॉबेरीस लावले. येथे एक पेच कायम राहतो : तुकडा जितका लहान, तितकी तो विषाणूरहित असण्याची शक्यता अधिक; पण तो जगण्याची शक्यता तितकीच कमी. 1974 मध्ये बेल्जियमच्या बॉक्सुस याने सायटोकिनीनच्या साहाय्याने बगलेतील कळ्यांना पुनःपुन्हा फुटवे आणण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि प्रयोगशाळेतील सिद्धी व्यापारी उत्पादनास उपयोगी पडली.

तथापि काचपात्रात वाढले म्हणून रोप विषाणुमुक्त ठरत नाही. ते परीक्षेने ठरते, आणि परीक्षा केवळ ज्ञात विषाणूंचीच होते. म्हणूनच जाणकार ‘विषाणुमुक्त’ऐवजी ‘विषाणुपरीक्षित’ ही संज्ञा अधिक यथार्थ मानतात. शिवाय या तंत्राने रोपास प्रतिकारशक्ती लाभत नाही. उघड्या शेतात मावा त्यास पुन्हा ग्रासू शकतो. याकरिता मातृरोपे कीटकरोधक जाळीगृहात राखावी लागतात व ठराविक काळाने बदलावी लागतात. महाबळेश्वर परिसरातील बागाइतदार परदेशांतून मातृरोपे आणवितात, त्यामागेही निरोगी मूळद्रव्याचीच निकड आहे. तेव्हा रोपाची शुद्धता ही एकदा मिळवून कायम राहणारी वस्तू नसून सतत राखावयाची अवस्था आहे, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.