बुडालेले विमान आणि आप्तांचा शोध : 'हेव्हन कॅन वेट' प्रकरणाचा एक अभ्यास

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास आपल्याकडे बहुधा परिषदा, करार आणि लष्करी मोहिमा यांच्या अंगाने शिकविला जातो. ज्यांचा मृतदेहही घरी परतला नाही, अशा सैनिकांचा विचार त्यात क्वचितच होतो. एकट्या अमेरिकेचे या युद्धातील सुमारे ७२ हजार सैनिक आजही बेपत्ता म्हणून नोंदलेले आहेत. प्रस्तुत लेखात न्यू गिनीच्या समुद्रात बुडालेल्या एका बॉम्बफेकी विमानाच्या शोधाचा आढावा घेतला असून, कौटुंबिक कागदपत्रे आणि आप्तसंबंध यांचे इतिहासाची साधने म्हणून काय मूल्य आहे, याचा विचार केला आहे.

घटना आणि शासकीय नोंद

११ मार्च १९४४ रोजी 'हेव्हन कॅन वेट' नावाचे अमेरिकन बी-२४ लिबरेटर विमान न्यू गिनीच्या उत्तर किनाऱ्यावरील अवार पॉइंट परिसरावर बॉम्बहल्ला करण्यासाठी गेले होते. विमानात ११ जण होते. सोबतच्या विमानांतील सैनिकांनी त्याच्या बॉम्ब ठेवण्याच्या कप्प्यातून ज्वाळा निघताना पाहिल्या. आग शेपटीपर्यंत पोहोचली, विमान एकाएकी वर उसळले, डावीकडे कलले आणि समुद्रात कोसळले. काही विमानांनी त्या जागेवर घिरट्या घातल्या. परंतु कोणीही वाचलेले दिसले नाही.

युद्धानंतर अमेरिकन सैन्याच्या दफन-नोंदणी विभागाने न्यू गिनीत शोध घेतला. १९४८ च्या अखेरीस तो थांबला, तेव्हा या विमानाचा कोणताही माग लागलेला नव्हता. पुढे हे सैनिक 'अवशेष मिळणे अशक्य' या वर्गात टाकण्यात आले आणि त्यांची नावे मनिला येथील अमेरिकन दफनभूमीतील बेपत्तांच्या शिलापटांवर कोरण्यात आली. शासनाच्या लेखी प्रकरण संपले. कुटुंबांच्या लेखी मात्र ते संपणे शक्य नव्हते. विमानातील रेडिओ ऑपरेटरला रजेवर घरी असताना आपल्या तान्ह्या मुलाच्या बाप्तिस्म्याला उपस्थित राहता आले होते. वैमानिकाच्या पत्नीने पुढे दीर्घ आयुष्यात पुनर्विवाह केला नाही.

कौटुंबिक संशोधन आणि सागरी शोध

या प्रकरणाला पुन्हा चालना मिळाली ती २०१३ मध्ये, आणि तीही शासनाकडून नव्हे. विमानातील बॉम्बार्डियरच्या नातलगांनी घरातील पत्रे, छायाचित्रे, लष्करी अहवाल आणि प्रत्यक्षदर्शींची निवेदने एकत्र केली. चार वर्षांच्या या अभ्यासातून विमान कोठे कोसळले असावे, याचे क्षेत्र बरेच मर्यादित करता आले. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या 'प्रोजेक्ट रिकव्हर' या संस्थेने ऑक्टोबर २०१७ मध्ये हन्सा उपसागरात सोनार यंत्रणेच्या साह्याने समुद्रतळाची पाहणी केली, आणि सुमारे २१३ फूट खोलीवर विमानाचे अवशेष आढळले. येथे साधनांचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. यंत्राने विमान शोधले हे खरे. पण यंत्र कोठे फिरवावे, हे कागदांनी सांगितले.

मार्च-एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेच्या बेपत्ता सैनिक शोध यंत्रणेने नौदलाच्या पाणबुड्यांकरवी तेथे उत्खनन केले. त्यात सैनिकांच्या ओळखपट्ट्या आणि अस्थींचे अवशेष मिळाले.

आप्तसंबंधांचे महत्त्व

केवळ अस्थी मिळाल्याने ओळख पटत नाही. तुलनेसाठी योग्य नातलगाचा नमुना लागतो. मायटोकाँड्रियल डी.एन.ए. आईकडून येतो, म्हणून सैनिकाच्या बहिणीची मुले किंवा सख्खा मावसभाऊ उपयोगी पडतात, मामेभाऊ नाही. पितृवंशाच्या वाय गुणसूत्रासाठी चुलतभाऊ चालतो, आतेभाऊ नाही. ज्या नात्यांना इंग्रजीत एकच शब्द आहे, ती आपल्या भाषेत निरनिराळी आहेत आणि विज्ञानालाही ती निरनिराळीच लागतात. म्हणून वंशावळ मांडणे आणि आप्तांना गाठणे हे येथे भावनेपुरते काम राहत नाही. तो पुराव्याचाच भाग होतो.

२०२४ च्या उत्तरार्धात वैमानिक, नॅव्हिगेटर, बॉम्बार्डियर आणि रेडिओ ऑपरेटर या चौघांची ओळख निश्चित झाली. बॉम्बार्डियर व रेडिओ ऑपरेटर यांचे मे २०२५ मध्ये आपापल्या गावी दफन झाले. उरलेल्या सात कुटुंबांच्या हाती मात्र अवशेषांच्या जागेची माहिती एवढेच आले आहे. एकाच विमानातील ११ घरांना इतिहासाने सारखा न्याय दिला, असे म्हणता येत नाही.

भारतीय संदर्भ

ही विषमता आणखी व्यापक आहे. हन्सा उपसागराच्या पश्चिमेकडील वेवाक परिसरात जपान्यांनी १९४३ मध्ये सिंगापूरहून भारतीय युद्धकैदी श्रमासाठी नेले होते. त्यांतील बहुसंख्य उपासमार, रोग व छळ यांना बळी पडले. वाचलेल्या एका लहान तुकडीतील दहा जण नोव्हेंबर १९४५ मध्ये परतीच्या विमान अपघातात मरण पावले. साक्ष देण्यासाठी मागे राहिलेले जमादार चिंत सिंग तेवढे उरले. त्याच किनाऱ्यावरील या मृतांसाठी सोनार घेऊन कोणी फिरलेले नाही. शोध घेण्याची ऐपत आणि इच्छा ज्या राष्ट्राकडे असते, त्याच्या मृतांना नाव मिळते, हे कटू असले तरी सत्य आहे.

समारोप

घराघरांतील दप्तरे धुंडाळून वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' सिद्ध केली. ती दृष्टी विसाव्या शतकालाही लागू पडते. महाराष्ट्रातील अनेक गावांतून सैनिक दुसऱ्या महायुद्धात गेले. त्यांची पत्रे, पेन्शनची पुस्तके, पदके आणि छायाचित्रे आजही काही घरांच्या ट्रंकांत असतील. पण ती ओळखणारी पिढी झपाट्याने कमी होत आहे. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांकरवी आपल्या परिसरातील अशा कागदांची आणि आठवणींची नोंद करणे कठीण नाही. न्यू गिनीच्या समुद्रतळावरील विमानापर्यंत पोहोचण्याची वाट एका कुटुंबाच्या कागदपत्रांतून गेली. ती कागदपत्रे कोणी जपली नसती, तर हे विमान कदाचित आजही बेपत्ताच राहिले असते.