शास्त्रीबुवांचा पगार

भाषेचा अभ्यास करून पोट भरते का? प्रवेशाच्या दिवसांत हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. आजच्या धाग्यात त्याचे उत्तर भविष्यात शोधायचे नाही. ते २०० वर्षांपूर्वीच्या पगारपत्रकात शोधायचे आहे. भाषेचे काम तेव्हाही होते आणि त्याला पैसेही मिळत होते. ते कोणाला किती मिळाले, एवढेच पाहायचे आहे.

सुरुवात कलकत्त्यापासून. १८०० मध्ये गव्हर्नर जनरल वेलस्ली याने फोर्ट विल्यम कॉलेज स्थापन केले. विलायतेहून कोवळ्या वयाची पोरे कंपनीच्या चाकरीत येत आणि ज्या रयतेकडून सारा गोळा करायचा तिची भाषा त्यांना ठाऊक नसे. त्यांना भाषा शिकवण्यासाठी हे कॉलेज होते. हिंदुस्तानी शिकवणाऱ्या प्राध्यापक गिलख्रिस्टला दरमहा १५०० रुपये मिळत. विल्यम केरी हा मिशनरी १८०१ मध्ये बंगाली शिकवण्यासाठी रुजू झाला. तो इंग्लंडच्या राजमान्य चर्चचा अनुयायी नसल्यामुळे त्याला 'प्राध्यापक' न म्हणता 'शिक्षक' म्हटले गेले. पगार ५०० रुपये.

त्याच्या हाताखालचे मुख्य पंडित मृत्युंजय विद्यालंकार. त्यांना २०० रुपये. दुसरे पंडित रामनाथ वाचस्पती, त्यांना १००. बाकीच्या पंडितांना ४०. ज्या भाषेचा धडा द्यायचा ती या पंडितांची मायबोली होती आणि केरीला ती प्रयत्नाने शिकावी लागली होती. तरी उतरंड अशी. मृत्युंजयांची बंगाली गद्यातील पुस्तके आज त्या भाषेच्या इतिहासात मानाने मोजली जातात, हे वेगळे.

१८०४ पासून मराठीही केरीकडे आली. त्याचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये निघाले आणि कोश १८१० मध्ये, तोही मोडी लिपीत. दोन्हींमागे कॉलेजातील मराठी पंडित वैजनाथ यांचे श्रम आहेत. मुखपृष्ठावर नाव मात्र एकट्या केरीचे.

आता पुण्याकडे वळू. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. श्रावणात शास्त्रीपंडितांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचे पुढे काय, हा नव्या सरकारसमोरचा नाजूक प्रश्न होता. दक्षिणा एकदम बंद केली तर पुणे बिथरणार, हे एल्फिन्स्टन जाणून होता. म्हणून त्या रकमेच्या एका भागातून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली गेली. कालपर्यंत रमण्यात हात पुढे करणारा विद्वान आता वेतन घेणारा अध्यापक झाला. माझ्या मते महाराष्ट्रातील 'भाषेची नोकरी' ही कल्पना इथेच जन्मली. मात्र तिची दारे सुरुवातीला केवळ ब्राह्मणांसाठी उघडी होती, हे विसरून पुढे जाता येणार नाही.

पुढच्याच वर्षी मुंबईत शाळा आणि शाळापुस्तके यांसाठी एक मंडळी उभी राहिली. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी तिच्यासाठी 'बाळमित्र' आणि 'इसापनीति' लिहिली. मराठीत मुलांसाठी छापील गद्य लिहिणे हे आता कामाचे काम ठरले होते.

या काळातील सर्वांत मोठा उद्योग म्हणजे कोशाचा. जेम्स मोल्सवर्थ हा लष्करी अधिकारी. १८२५ च्या सुमारास सरकारने त्याला मराठी-इंग्रजी कोशाच्या कामावर नेमले आणि त्याच्या मदतीला शास्त्रीमंडळी दिली. प्रत्येक शब्दाचे लिंग, अर्थाच्या छटा, त्यावरची म्हण, मूळ संस्कृत की फारसी, अरबी की हिंदी, हे सारे ठरवायचे होते. शब्द पोथीतलेच नव्हते. शेतातले होते, नावेतले होते, बाजारातले आणि शिवीगाळीतलेही होते. सोवळ्यात वाढलेल्या शास्त्र्याने गुराख्याचा शब्द कागदावर उतरवून त्याचा अर्थ एका इंग्रजाला उलगडून सांगायचा, हा प्रसंग नुसता डोळ्यांसमोर आणून पाहा!

१८२९ मध्ये या शास्त्र्यांचा मराठी-मराठी 'महाराष्ट्र भाषेचा कोश' निघाला. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, सखाराम जोशी, दाजीशास्त्री शुक्ल, परशुरामपंत गोडबोले ही त्यांतली नावे. दोन वर्षांनी मोल्सवर्थचा कोश आला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यातील शब्द सुमारे ६०,००० झाले. आजही अभ्यासक 'मोल्सवर्थ काय म्हणतो?' असे विचारतात. 'क्रमवंत काय म्हणतात?' असे कोणी विचारल्याचे मी ऐकलेले नाही.

मोल्सवर्थला खलनायक ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. त्याने या कामात आपली प्रकृती आणि उमेद ओतली. प्रकृतीमुळे मायदेशी गेलेला हा गृहस्थ सरकारच्या बोलावण्यावरून १८५१ मध्ये परत आला, तो दुसऱ्या आवृत्तीसाठी. त्याने सुरू केलेला इंग्रजी-मराठी कोश त्याचा सहकारी थॉमस कँडी याने १८४७ मध्ये पूर्ण केला होता. कँडी पुढे सरकारचा मराठी भाषांतरकार झाला, शाळापुस्तके त्याच्या नजरेखालून जाऊ लागली आणि आपण आज वापरतो ती विरामचिन्हे मराठीत रुजली. परशुरामपंत गोडबोले त्याच्याच कचेरीत होते. त्यांनी संपादित केलेल्या 'नवनीत' या १८५४ च्या काव्यसंग्रहाने पिढ्यान्‌पिढ्यांना जुनी मराठी कविता शिकवली. सरकारी कारकुनीच्या पोटातून असेही काही निपजते.

दक्षिणेचा वाद पुन्हा पेटला तो १८४९ मध्ये. ही रक्कम केवळ संस्कृत विद्वानांना का, मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना का नाही, असा अर्ज पुण्यातील काही सुधारकांनी सरकारकडे केला. लोकहितवादी त्यांच्या अग्रभागी होते. सनातनी मंडळी खवळली. अर्जदारांच्या रक्षणासाठी जोतीराव फुले आपली माणसे घेऊन उभे राहिले, असे फुलेचरित्रांत नमूद आहे. अखेर दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथांच्या पारितोषिकांकडे वळला. मराठी लिहिणाऱ्याला पैसे मिळावेत की नाहीत, यावर पुण्यात हातघाईची वेळ आली होती!

तोवर वारा फिरला होता. १८४४ मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंग्जने इंग्रजी शिकलेल्यांना सरकारी नोकरीत प्राधान्य देण्याचा ठराव केला. भाषेवर पोट भरायचे तर ती भाषा आता इंग्रजी. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये 'दर्पण' मराठी आणि इंग्रजी अशा दोन स्तंभांत काढले होते. १८३४ मध्ये ते एल्फिन्स्टन संस्थेत असिस्टंट प्रोफेसर झाले. शिक्षक घडवणारा वर्गही त्यांनी चालवला. १८४६ मध्ये तापाने गेले, तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांची गोष्ट अधिक बोलकी आहे. १८३६ मध्ये त्यांनी 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' लिहिले, लोक त्यांना मराठीचे पाणिनी म्हणू लागले. आणि हे पाणिनी पुढे डेप्युटी कलेक्टर झाले! व्याकरणापेक्षा महसूल खात्यात बढती अधिक, हे १८५० च्या दशकातही खरे होते.

पुढच्या पिढीत विष्णुशास्त्री चिपळूणकर. वडील कृष्णशास्त्री सरकारी भाषांतरकार होते, नंतर ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुख. मुलगा सरकारी शाळेत शिक्षक. १८७४ मध्ये त्यांनी 'निबंधमाला' सुरू केली आणि तिचा सूर सरकारला रुचणारा नव्हता. बदली रत्नागिरीला. १८७९ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात स्वतःची शाळा उघडली. मराठीसाठी लेखणी परजणाऱ्या या माणसाच्या शाळेचे नाव काय? न्यू इंग्लिश स्कूल. यात विसंगती शोधणाऱ्यांनी त्या काळच्या पालकाच्या जागी उभे राहून पाहावे. इंग्रजी न शिकवणारी शाळा चाललीच नसती.

विश्रामबागवाड्यातील पाठशाळेचे पुढे काय झाले? तिचे पूना कॉलेज झाले, १८६४ मध्ये त्याला डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले. १९३४ मध्ये सरकारने ते बंद केले आणि १९३९ मध्ये संशोधनसंस्था म्हणून ते पुन्हा उघडले. सुमित्र मंगेश कत्रे यांच्या नेतृत्वाखाली तेथे भाषाशास्त्र उभे राहिले. १९५० च्या दशकात रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने तेथे भाषाशास्त्राचे वर्ग भरले आणि देशभरातील विद्यापीठांना लागणारे अध्यापक त्यांतून तयार झाले. १९६९ मध्ये म्हैसूरला केंद्र सरकारची भारतीय भाषा संस्था निघाली. 'भाषाशास्त्रज्ञ' हे पद आता शासनाच्या दप्तरात कायमचे दाखल झाले होते.

मग आले यंत्र. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. संगणकाच्या पडद्यावर देवनागरी उमटवायची तर 'क्ष' हे एक अक्षर की दोन व्यंजनांचा जोड, वेलांटी छापताना आधी येते पण उच्चारात नंतर, तर ती साठवायची कोणत्या क्रमाने, असे प्रश्न अभियंत्यांपुढे आले. इस्की ही भारतीय लिप्यांची प्रमाण संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक ठरली, तिच्या तळाशी उच्चारक्रमाचे जुने वर्णमालाशास्त्र आहे. शिक्षावेदांगातल्या वर्गवारीला, क-वर्ग, च-वर्ग वगैरेंना, कळफलकावर जागा मिळाली. इन्स्क्रिप्ट कळफलक पाहा: स्वर डावीकडे, व्यंजने उजवीकडे.

आज यंत्राला मराठी शिकवण्यासाठी वाक्ये लिहिणारी, ध्वनिमुद्रणे तपासणारी, शब्दाचा अर्थ संदर्भानुसार नोंदवणारी मंडळी हवी असतात. हे काम क्रमवंत आणि घगवे करत होते त्याहून फार निराळे नाही.

डेक्कन कॉलेजातच १९४८ मध्ये संस्कृतचा ऐतिहासिक तत्त्वांवरील महाकोश सुरू झाला. सुमारे १५०० ग्रंथांतून शब्द वेचून जवळजवळ १ कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. पहिला भाग १९७६ मध्ये छापला गेला. अनेक दशकांनंतरही छापील खंडांची वाटचाल 'अ' या अक्षराने सुरू होणाऱ्या शब्दांतूनच चाललेली आहे. लोखंडी कपाटांत चिठ्ठ्या आहेत, बहुतेक हाताने लिहिलेल्या, आणि त्या लिहिणाऱ्या पंडितांची अक्षरवळणे तिथल्या जुन्या माणसांना ओळखता येतात.