सोंग आणि अंग

बागेंतील फुलपाखराचें छायाचित्र काढावयाचें आणि पुस्तकांतील चित्राशीं ताडून त्याचें नांव ठरवावयाचें, हा छंद हल्लीं लहानथोरांस लागला आहे. छंद उत्तम, परंतु केवळ पंख पाहून नांव ठरविणें किती फसवें असतें, हें एका परिचित फुलपाखराच्या इतिहासावरून आज सांगावयाचें आहे.

तें फुलपाखरूं म्हणजे लिंबाच्या व कढीलिंबाच्या झाडांभोवतीं घिरट्या घालणारें ‘कॉमन मॉरमॉन’. स्वीडनचे पंडित लिनियस यांनीं १७५८ सालीं प्राण्यांस शास्त्रीय नांवें दिलीं, तेव्हां या एकाच जातीस ‘पॉलिटीस’ व ‘पॅमॉन’ अशीं दोन नांवें मिळालीं. पुढें क्रॅमर यांनीं ‘रोम्युलस’ हें तिसरें नांव घातलें. वस्तुतः पॅमॉन हा नर, आणि पॉलिटीस व रोम्युलस या त्याच्याच जातीच्या माद्या! आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनीं १८६४ सालीं लंडनच्या लिनियन सोसायटीपुढें वाचलेल्या निबंधांत हीं सर्व रूपें एकाच जातीचीं असल्याचें मांडलें.

असें कां व्हावें? ‘कॉमन रोझ’ व ‘क्रिमझन रोझ’ या फुलपाखरांच्या अळ्या सापसणीच्या विषारी वेलीवर वाढतात. तें विष अंगीं भिनल्यामुळें पक्षी त्यांस टाळतात. मॉरमॉन मात्र बिनविषारी. म्हणून त्याची एक मादी कॉमन रोझचें सोंग घेते, दुसरी क्रिमझन रोझचें. तिसरी नरासारखीच राहते. हेन्री वॉल्टर बेट्स यांनीं ॲमेझॉनच्या खोऱ्यांतील फुलपाखरांवरून १८६२ सालीं मांडलेलें अनुकरणाचें तत्त्व येथें तंतोतंत लागू पडतें. या सोंगाची किल्ली ‘डबलसेक्स’ नांवाच्या एकाच जनुकांत आहे, हें कृष्णमेघ कुंटे व त्यांचे सहकारी यांनीं २०१४ सालीं दाखवून दिलें.

मग खरें-खोटें ओळखावें कसें? जुळ्या भावांची हजेरी घेणाऱ्या शिक्षकास चेहरा पुरत नाहीं, एखादा तीळ शोधावा लागतो. येथें तो तीळ म्हणजे अंगाचा रंग. दोन्ही रोझ फुलपाखरांचें डोकें व पोट यांवर तांबडा रंग उठून दिसतो. मॉरमॉनच्या मादीचें अंग काळेंच असतें. यास्तव एक छायाचित्र वरून व एक बाजूनें घ्यावें. स्थळ, तारीख व जवळचीं झाडें यांची टीप ठेवावी. अंग पंखांआड झांकलें असेल तर नांव लिहूंच नये.

एवढी काटेकोरी कशाला, असें कोणी विचारील. कोणतें फुलपाखरूं कोठें आढळतें, याच्या नोंदी आज बहुतांशीं अशा छायाचित्रांवरूनच होतात. उद्यां एखाद्या गांवची सापसण तोडली गेली आणि तेथील रोझ नाहींसें झालें, तरी मॉरमॉनच्या चित्राखालीं रोझचें नांव पडत राहिलें, तर तें गेल्याची वार्ता कोणास कळणार?